तुटलेला व्हील स्टड घरच्या घरी कसा बदलावा

मागच्या पावसाळ्यात आंबा घाटाच्या अलीकडे एका टपरीवर पंक्चर काढून घेतलं. पोरगं किडकिडीत होतं, म्हणून त्यानं पान्यावर पाईप चढवला आणि त्या पाईपवर उभं राहून प्रत्येक नटाला दोन-दोन हिसके दिले. "आता हलणार नाही बघा काका," म्हणाला. महिन्याभरानं कोल्हापुरात घराच्या दारात चाकं आलटून-पालटून लावत होतो, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाचा तिसरा नट आधी कुरकुरला, मग एकदम हलका झाला आणि नटासकट निम्मा स्टड पान्यात आला.

स्टड म्हणजे हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागातून, बाहेर आलेला आट्यांचा दांडा. चाकाचा नट त्यावरच आवळतो. गाडी स्विफ्ट, पुढचं चाक, डिस्क ब्रेक. हा लेख त्या चाकावर बसून केलेल्या कामाचा आहे. इतर गाड्यांत कुठे फरक पडतो ते जागच्या जागी सांगत जाईन. त्या पोराला दोष देऊन मी मोकळा झालो असतो, पण तो हिसके देत असताना मी शेजारी चहा पीत उभा होतो.

स्टड नेमकं काय काम करतो

बहुतेकांची समजूत असते की चाक चार स्टडवर टांगलेलं असतं, खुंटीवर टोपी टांगावी तसं. तसं नाही. नट आवळला की स्टड रबरासारखा अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणानं चाक हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका, हे सगळं पेलतं ते चाक आणि हब यांच्या सपाट तोंडांमधलं घर्षण. १२ मिलिमीटरचा नट १०० न्यूटन-मीटरनं (हे पिळाच्या जोराचं माप) आवळला की एक स्टड साधारण चार टनांच्या जोरानं चाक दाबून धरतो. चार स्टड मिळून सोळा टन. हा दाब असेपर्यंत स्टडवर आडवा मार येतच नाही. तो गेला की मात्र चाक स्टडवर घासत, आपटत फिरू लागतं आणि स्टड एकामागोमाग एक तुटतात.

आता पाईपवाल्या पोराचा हिशेब करा. ५५ किलोचा माणूस ६० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी सव्वातीनशे न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, म्हणजे लागतो त्याच्या तिप्पट. कोरड्या, गंजक्या आट्यांमध्ये त्यातला बराच जोर घर्षणातच जिरतो, म्हणून स्टड तिथल्या तिथे तुटला नाही. पण तो ताणला गेला. ताणलेला स्टड परत मूळ लांबीवर येत नाही. त्याचे आटे एकमेकांपासून किंचित लांब सरकतात आणि नट त्यात अडकून बसतो. हवेच्या गननं धडधड आवळणारा दुकानदार हेच काम दोन सेकंदांत उरकतो.

दुसरं कारण नट तिरका लागणं. पहिले दोन-तीन आटे बोटांनी न फिरवता थेट गन लावली की नट तिरपा घुसतो आणि आटे सोलत जातो. तिसरं कारण चुकीचा नट. ते पुढे स्टडच्या मापात येईलच. आणि चौथं गंज. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या गाड्यांची चाकं काढताना हा अनुभव वारंवार येतो.

आधी खात्री करा

स्टड तुटलाय हे दिसतंच. आटे गेलेत हे ओळखायला नट बोटांनी फिरवून बघायचा. चांगल्या स्टडवर नट या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या बोटांनी जातो. मध्येच जड झाला, पुढे पुन्हा हलका झाला, तर तो स्टड त्या जागी ताणला गेलाय. आट्यांत चांदीसारखे चमकणारे बारीक तुकडे किंवा तारा दिसल्या तर आटे सोलले गेलेत.

एक स्टड तुटला असेल तर त्याच चाकाच्या बाकीच्या तिघांवर अजिबात विश्वास ठेवू नका. चारही एकाच हातानं, एकाच दिवशी आवळलेले असतात. माझ्या चाकावर तुटलेल्याच्या समोरचा स्टडही मध्येच अडकत होता, म्हणून दोन बदलले. दोन खराब निघाले तर खरं म्हणजे चारही बदलावेत. हत्यारं पसरलेली असतात, डिस्क निघालेली असते, मग आणखी दोनांसाठी कंजुषी कशाला? मी ती केली आणि नंतर सहा महिने दर पंधरवड्याला त्या दोन स्टडकडे संशयानं बघत राहिलो.

डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवून आटे साफ करून घ्या, असं कोणी सांगेल. आट्यांत नुसता गंज किंवा एखादी टोचणी असेल तर ते ठीक आहे. ताणलेल्या स्टडवर डाय फिरवणं म्हणजे त्याच्या अंगावरचं उरलंसुरलं मांस कापून काढणं.

एक स्टड कमी असताना गाडी चालवता येते का? चार स्टडच्या चाकावर एक गेला म्हणजे पकडीचा चौथा भाग गेला आणि तिघांवरचा भार वाढला. गावातल्या गावात, सावकाश, गॅरेजपर्यंत जाणं वेगळं. पण त्या चाकावर घाट उतरायचा किंवा हायवेला लागायचं नाही. पाच स्टडच्या चाकालाही हेच.

दुकानात जाण्यापूर्वी मापं

हा सगळ्यात चुकणारा भाग आहे. "स्विफ्टचा स्टड द्या" म्हटलं की दुकानदार जो हाताला लागेल तो देतो, आणि आपण घरी येऊन डोकं धरतो.

पहिलं माप आट्यांचं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे असतात, पण आट्यांमधलं अंतर दोन प्रकारचं. मारुती सुझुकीला १.२५ मिलिमीटर. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांना १.५. डोळ्यांना हा फरक कळत नाही. युक्ती सोपी आहे. पट्टी लावून दहा आट्यांची लांबी मोजा. १२.५ मिलिमीटर भरली तर बारीक आटे, १५ भरली तर जाड. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेरे लागतो, मग जड होतो आणि माणूस म्हणतो, "बसतोय, लाव जोर." तिथेच दोन्ही वाया.

दुसरं माप दात्यांच्या भागाचं. स्टडच्या डोक्याखाली उभ्या रेघोट्यांचा एक पट्टा असतो. तो हबच्या भोकात दाबून बसतो आणि स्टडला गरागरा फिरू देत नाही. आट्यांचं माप १२ च असलं तरी हा पट्टा एका कंपनीचा १२ मिलिमीटरच्या किंचित वर असतो, तर दुसरीचा १४ च्या वर. लहान पडला तर स्टड भोकात खुळखुळतो. मोठा पडला आणि तरी ठोकून बसवला तर हबला तडा जाऊ शकतो. म्हणून व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) घेऊन जा आणि जुना स्टड बरोबर असेल तर त्याच्याशी ताडून बघा. तिसरं माप लांबीचं: डोक्यापासून टोकापर्यंत आणि दात्यांच्या पट्ट्याचीसुद्धा.

शक्य असेल तर गाडीचा चासी नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवरूनच मागवा. बाजारातला घेतलाच तर डोक्यावर मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का ते पाहा. व्हील स्टड सहसा १०.९ दर्जाचे असतात. लेथवर साध्या सळईतून काढून घेतलेला स्टड कितीही सुबक दिसला तरी चाकाला लावायचा नाही.

स्टडबरोबर नवा नटही घ्या. जुन्या नटाचे आटे त्या बिघडलेल्या स्टडवर घासलेले असतात. नवा स्टड त्याच्या हाती दिला तर तोही बिघडतो. आणि स्टड ओढून बसवायला वेगळा, दोन्ही बाजूंनी उघडा नट लागेल. तो कामापुरता, नंतर फेकून द्यायचा.

फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल तर हे सगळं विसरा. त्यांना स्टड नसतोच. चाकातून थेट हबमध्ये बोल्ट जातो. बोल्ट खराब झाला तर बोल्ट बदला. हबचे आटे गेले तर ते काम लेथवाल्याचं किंवा नव्या हबचं. आणि कोणाकडे विलीस धर्तीची जुनी जीप असेल तर डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असू शकतात. तिथे सोडवायच्या नादात आपण आवळत बसतो.

काय काय लागेल

जॅक, आणि जॅकवर विश्वास नको म्हणून जॅक स्टँड. चाकाचा पाना (मारुतीला १९ चा, ह्युंदाई आणि टोयोटाला बहुधा २१ चा). कॅलिपरच्या (डिस्कला पॅडनं चिमटून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) बोल्टसाठी सॉकेट आणि लांब दांडा. एक-दीड किलोचा हातोडा, पितळेची किंवा मऊ लोखंडाची जाड सळई. तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं ग्रीस. जाड वॉशर पाच-सहा, भोक स्टडच्या दात्यांच्या पट्ट्यापेक्षा मोठं असलेले. कॅलिपर टांगायला बायंडिंगची तार. टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) असेल तर उत्तम, नसेल तर उसना आणा. हे एक हत्यार उसनं मागायला लाजू नये.

चाक काढणं

सपाट, कडक जागा हवी. पावसात भिजलेल्या मातीत जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. विटेची नको, ती पिचते. लाकडी ठोकळा घ्या. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, मग गाडी उचला, स्टँड लावा आणि गाडी त्याच्यावर टेकवा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकला तर गाडी चाकावर येईल, तुमच्यावर नाही.

पुढचं चाक असेल तर आता गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. गिअरमध्ये असताना हब फिरत नाही आणि पुढे तो फिरवावा लागणार आहे. म्हणूनच हँडब्रेक आणि उटी पक्की हवी.

कधीकधी नटच निघत नाही. पाना फिरवला की नट आणि स्टड दोघंही गोल फिरतात, कारण हबच्या भोकातले दाते घासून गेलेले असतात. इथे ताकद लावून उपयोग नाही. चाकाला जागा असेल तर नट फोडायचं हत्यार लावून नट चिरायचा. नसेल तर गॅरेजमध्ये नटाच्या तोंडावरून आत ड्रिल करून स्टड पोखरतात, किंवा मागून स्टडचं डोकं पकडून धरतात. अलॉय चाक असेल तर ग्राइंडर लावण्याआधी दहादा विचार करा. असा स्टड निघाल्यावर हबचं भोक तपासा. भोक गुळगुळीत, मोठं झालं असेल तर नवा स्टडही फिरत राहील. तेव्हा हब बदलावा लागतो. भोकात वेल्डिंग करून स्टड चिकटवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

कॅलिपर आणि डिस्क

स्टड मागून घातलेला असतो, त्यामुळे डिस्क समोरून काढल्याशिवाय काम होत नाही. कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचे मागून लागलेले दोन जाडजूड बोल्ट सोडा. कॅलिपर, पॅड, ब्रॅकेट सगळं एकत्र निघतं. आतले बारीक बोल्ट सोडून पॅड वेगळे करायची गरज नाही. निघालेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. तारेनं वरच्या स्प्रिंगला बांधा. आणि घरात सांगून ठेवा: गाडीत बसून कोणीही ब्रेक दाबायचा नाही. दाबला तर पिस्टन बाहेर येतो.

डिस्क कधी हातात येते, कधी गंजानं हबला चिकटून बसलेली असते. तिच्या तोंडावर स्टडच्या मधोमध दोन आट्यांची भोकं असतील तर ती याचसाठी दिलेली असतात. त्यांत बहुधा ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. दोन्ही थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळत जा. डिस्क टक् करून सुटते. एखाद्या गाडीत डिस्कला फुलीच्या खाचेचा छोटा स्क्रू असतो. तो गोल झाला तर मनस्ताप, म्हणून पेचकस ठोकून, दाबून फिरवा.

डिस्क काढल्यावर तिच्या आतल्या तोंडावरचा आणि हबवरचा गंज ब्रशनं खरवडून काढा. हे काम पुष्कळ जण सोडून देतात. गंजाची किंवा रंगाची पापडी मध्ये राहिली की पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये ती चेपते आणि सगळे नट ढिले होतात.

जुना स्टड काढणं

हब हातानं फिरवून खराब स्टड अशा जागी आणा जिथे मागे मोकळी जागा आहे. बहुतेक गाड्यांत डिस्कमागच्या पत्र्याला किंवा नकलला (हब ज्यात बसतो त्या जाड तुकड्याला) एका बाजूला खाच असते. स्टड पूर्ण मागे निघेल आणि नवा आत शिरेल एवढी जागा आहे का, ते आधी टॉर्चनं बघा. काही गाड्यांत ती नसतेच. तिथे हब बाहेर काढावा लागतो, आणि दाबून बसवलेल्या बेअरिंगमधून हब काढला की सहसा बेअरिंगही नवीन टाकावं लागतं. हे घरी करायचं काम नाही. काही मेकॅनिक जागा करायला नव्या स्टडचं डोकं एका बाजूनं घासतात. डोक्याची पकड तेवढ्यानं कमी होते. मी करून घेतलं नसतं.

मागून दात्यांच्या पट्ट्यावर स्प्रे मारा आणि दहा मिनिटं थांबा. मग काढायच्या दोन वाटा. पहिली हातोड्याची: तुटक्या टोकावर सळई धरून दोन-तीन ठाम घाव. हळूहळू टकटक करत बसण्यापेक्षा एक खणखणीत घाव बरा. पण हा मार जातो कुठे? थेट बेअरिंगमध्ये. आतल्या गोळ्या आपल्या वाटेवर बारीक खळगे पाडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी चाकातून विमानासारखी गुणगुण सुरू होते. तेव्हा कोणालाच हातोडा आठवत नाही. दहा-बारा घावांत स्टड हलला नाही तर हातोडा खाली ठेवा.

दुसरी वाट दाबाची, आणि माझी पसंती तिलाच. बॉल जॉइंट काढायचं हत्यार किंवा मोठा सी-क्लॅम्प घ्या. एक टोक स्टडच्या तुटक्या तोंडावर, दुसरं टोक हबच्या मागे, मध्ये एक मोठं सॉकेट म्हणजे स्टडचं डोकं त्यात सरकेल. आवळत गेलं की एका क्षणी फाट्कन आवाज होऊन स्टड सुटतो. पहिल्यांदा वाटतं काहीतरी मोडलं. मोडलेलं नसतं.

नवा स्टड ओढून बसवणं

सगळी किमया इथे आहे आणि बहुतेकांची चूकही इथेच होते.

भोक ब्रशनं साफ करा. त्यात जुन्या दात्यांनी पाडलेल्या खाचा दिसतील. नवा स्टड मागून घाला आणि हातानं हळूहळू फिरवत त्याचे दाते त्या खाचांत चपखल येतात तो बिंदू शोधा. बोटांना कळतं, कुलपात किल्ली बसल्यासारखं. दात्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही.

आता समोरून स्टडवर वॉशर चढवा, चार-पाच, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी ग्रीस चोपडून. त्यावर तो उघडा नट उलटा लावा, म्हणजे त्याची सपाट बाजू वॉशरकडे येईल आणि निमुळती बाजू तुमच्याकडे. चाकाचा टोपीवाला, बंद नट इथे चालत नाही, कारण स्टडचं टोक त्याच्या तळाला लागतं आणि तुम्हाला वाटतं स्टड बसला. ओढून बसवताना आट्यांना तेलाचा एखादा थेंब चालतो. नंतर तो पुसून काढायचा.

हब फिरू नये म्हणून शेजारच्या दोन स्टडवर नट लावून त्यांच्या मधून एक लांब सळई अडकवा, किंवा गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाका. मग साध्या पान्यानं, हातानं नट आवळत जा. गन लावायची नाही. गन लावली की हाताला काय लागतंय ते कळत नाही आणि नवाच स्टड ताणला जातो. सुरुवातीला पाना एकसारखा जड जातो. तो दात्यांचा विरोध. मग अचानक भिंत लागल्यासारखा थांबतो. डोकं हबला टेकलं. तिथेच थांबा. मध्ये दोनदा नट काढून वॉशरवर ग्रीस पुन्हा लावावं लागलं तरी लावा.

टॉर्क पाना इथे काही कामाचा नाही. बराचसा जोर दात्यांत आणि वॉशरमध्ये जातो, आकडा खोटा येतो. डोळ्यानंच बघायचं. मोबाईल मागे सरकवून दिवा लावून फोटो काढा. डोकं आणि हब यांच्यामध्ये चहूबाजूंनी फट दिसता कामा नये. साधा कागद आत घालून बघा. तो शिरला तर स्टड अजून बसलेला नाही. समोरून पट्टी आडवी धरून नव्या स्टडची उंची शेजाऱ्यांशी ताडा. अर्धा मिलिमीटरही वर-खाली दिसला तर मागे पुन्हा बघा. माझा दुसरा स्टड असाच एका बाजूनं उचललेला निघाला. खाचेत लोखंडाचा एक कीस अडकला होता. काढला, साफ केला, पुन्हा ओढला.

शेवटी ओढायचा नट काढून टाका, आटे पुसा आणि नवा खरा नट बोटांनी टोकापर्यंत फिरवून बघा.

मागचं चाक असेल तर

डिस्क असेल तर वरचंच सगळं, फक्त हँडब्रेक सोडून. ड्रम ब्रेक असेल तरी हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर आतले ब्रेक शू ड्रमला धरून ठेवतात. म्हणून दोन्हींत पुढच्या चाकांना उटी आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. ड्रम हबपासून वेगळा निघत असेल तर पुढचं काम वरच्यासारखंच. पण काही छोट्या गाड्यांत ड्रम, हब आणि बेअरिंग एकाच तुकड्यात असतात. तिथे मधली टोपी काढून मोठा नट सोडल्यावर ते सगळं एकदम बाहेर येतं. तो मधला नट ठोकून कुलूपबंद केलेला असतो आणि पुन्हा वापरायचा नसतो. या गाड्यांत ड्रम काढून सरळ प्रेसवाल्याकडे न्यावा. दोन मिनिटांत जुना दाबून काढतो, नवा दाबून बसवतो, हातोड्याचा प्रश्नच नाही. ब्रेक शूला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

चाक चढवणं आणि आवळणं

डिस्क बसवा, कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानं आवळा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल तीन-चारदा दाबून कडक झाल्याची खात्री करा. पहिल्या दाबाला पेडल खाली गेलं तरी घाबरू नका. पाचव्यालाही गेलं तर मात्र गाडी हलवायची नाही.

चाकाच्या नटाची बसायची जागा आणि चाकाची खोबण एकाच घडणीची हवी. बहुतेक चाकांना ६० अंशांचा निमुळता नट लागतो, काहींना गोलाकार तोंडाचा, टोयोटाच्या काही अलॉयला सपाट वॉशरवाला. बाहेरून अलॉय चाकं बसवली असतील तर त्यांचे नट वेगळे आणि स्टेपनीचे वेगळे असू शकतात. स्टेपनीचे मूळ नट डिकीत ठेवा.

आटे कोरडे आणि स्वच्छ असू द्या. तेल लावायचा मोह आवरा. तेलानं घर्षण कमी होतं आणि टॉर्क पान्यावर तोच १०० आकडा दिसत असला तरी स्टडवर ताण तीसेक टक्क्यांनी जास्त पडू शकतो. गंज धरू नये म्हणून काही लावायचंच असेल तर ते हबच्या मधल्या गोल कडेला, स्टडला नाही. कोकणातल्या मित्रांना हे पटत नाही, पण त्यांचेच स्टड जास्त तुटतात.

चारही नट आधी बोटांनी, टेकेपर्यंत. मग समोरासमोर, कधीच शेजारी-शेजारी नाही. चाक हवेत असताना हलका हात, गाडी खाली आणून निम्मा जोर, मग पूर्ण. मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर, टोयोटाच्या बऱ्याच मोटारींना १०३, होंडाला १०८. पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तिकेचा. पुस्तिकेत आकडा kg-m मध्ये (किलो गुणिले मीटर, अंतराचा किलोमीटर नव्हे) लिहिला असेल तर १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेलच तर ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर ३४ किलोचा दाब म्हणजे १०० न्यूटन-मीटर. धडधाकट माणसाच्या हाताचा नेटका जोर एवढाच असतो. पाय नाही, पाईप नाही.

पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर, चाक गार असताना, सगळे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. नवीन स्टडचा नट पाव फेरा फिरला तर नवल नाही. डोकं शेवटचं केसभर टेकलं असं समजा. आणखी शंभर किलोमीटरनं पुन्हा बघा. तोच नट तिसऱ्यांदाही फिरला तर तो आवळून पुढे जाऊ नका. चाक काढा, मोबाईल मागे घाला आणि डोक्याखाली फट आहे का ते बघा. फट नसेल आणि तरी नट सैल होत असेल तर हबच्या भोकातले दाते गेलेले असू शकतात, आणि मग गाडी गॅरेजमध्येच न्यायची.